देवबागच्या रस्त्यावर वाहनबंदीचा प्रयोग: अधिकाऱ्यांना आणि सरपंचांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग
मा. पोलिस अधीक्षक, सिंधुदुर्ग
मा. सरपंच, देवबाग, तारकर्ली-काळेथर आणि वायरी भूतनाथ

स.न.वि.वि.

पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीवरून नदी-समुद्राच्या संगमाकडे जाणारा एक रस्ता. तारकर्लीच्या पुढे देवबागला गाडीची दुसरी वाट नाही. जो आत गेला, त्याला त्याच वाटेने परत यायचे असते. त्यामुळे शनिवार-रविवारी किंवा नाताळच्या आठवड्यात इथे होणारी कोंडी शहरातल्या कोंडीसारखी नसते. शहरात गाडीवाला गल्ली बदलतो. इथे एका अंगाला चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, दुसऱ्या अंगाला माड.

‘बाहेरच्या गाड्या तारकर्लीतच अडवा’ असे दर मोसमात कोणीतरी म्हणतो, आणि ‘मग आम्ही खायचे काय’ हा प्रश्नही लगेच येतो. दोन्हींत तथ्य आहे. म्हणून आधी प्रायोगिक बंदी करून बघा, असे आमचे म्हणणे आहे. मात्र नाक्यावर दोरी बांधून दोन होमगार्ड उभे केले म्हणजे प्रयोग झाला असे नाही. आधीचे मोजमाप, आधीची विचारणा आणि कोणता निकाल आला तर बंदी उठवायची याचा आधीच केलेला ठराव, हे तीन कागद हातात नसतील तर ती साधी बंदी आहे, आणि तिचे भवितव्य पहिल्या मोठ्या भांडणावर ठरेल.

आधी कोंडी का होते ते नीट पाहू. गाड्या फार झाल्या हे खरे, पण खरी गाठ बसते ती दोन रुंद वाहने समोरासमोर आली की. नियमाने बसची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर असते. मोठ्या सात आसनी गाडीची सुमारे १.८ मीटर. बेरीज ४.४, आणि यात आरसे धरलेले नाहीत. म्हणजे जिथे डांबर साडेचार मीटर आहे तिथे बस आणि गाडी एकमेकांना पार करू शकत नाहीत; एकाचे चाक वाळूत उतरतेच. दोन बस तर साडेपाच मीटरवरही कशाबशा सुटतात. मग एकाने मागे यायचे असते. पण तोपर्यंत दोघांच्याही मागे आठ-दहा गाड्या चिकटलेल्या असतात आणि मधल्या फटीतून दुचाकीवाले पुढे येऊन उभे राहिलेले असतात. मागे यायला जागा कोणालाच नसते. हॉर्न वाजवून हे सुटत नाही, शेवटच्या गाडीपासून एकेक मागे घ्यावी लागते. तो अर्धा तास तिथला कोणीतरी स्थानिक तरुण फुकट हमाली करतो.

म्हणून पहिले काम टेपचे. तारकर्लीपासून संगमापर्यंत दर ५० मीटरवर दोन मापे घ्या: डांबराची रुंदी, आणि गडग्यापासून गडग्यापर्यंतची मोकळी रुंदी. दोन्ही वेगळी लिहा, कारण पुष्कळ ठिकाणी जागा असते पण ती विजेच्या खांबाने, शहाळ्याच्या गाडीने किंवा कोणाच्या चिऱ्यांच्या ढिगाने खाल्लेली असते. ज्या ठिकाणी एक बस बाजूला थांबून दुसरी जाऊ शकते ती ठिकाणे नकाशावर खुणेने दाखवा. अशा जागेला बसची लांबी १२ मीटर धरून आत-बाहेर वळण्यासह किमान २० मीटर लांबी हवी. आणि एका जागेवरून पुढची जागा ड्रायव्हरला दिसली पाहिजे, नाहीतर तिचा उपयोग नाही. हा नकाशा दोन दिवसांत होतो. त्यातून कदाचित असेही निघेल की चार ठिकाणी खांब सरकवले आणि बाजूपट्टी भरली तर निम्मे दुखणे बंदीशिवायच कमी होते. तसे निघाले तर उत्तमच.

दुसरे काम मोजणीचे. तीन ठिकाणी माणसे बसवा: तारकर्लीत पर्यटक वळतात तिथे, देवबागच्या सुरुवातीला आणि संगमाच्या अलीकडे. सकाळी ७ ते रात्री ८, दर १५ मिनिटांचा वेगळा रकाना, येणारी आणि जाणारी वाहने वेगळी, आणि वाहनांचे चारच गट: दुचाकी, रिक्षा-मोटार, ट्रॅव्हलर-मिनीबस, बस-ट्रक-टेम्पो. यापेक्षा जास्त गट केले की मोजणारा गोंधळतो आणि संध्याकाळी अंदाजाने आकडे भरतो. एक साधा कामाचा दिवस, एक शनिवार, एक रविवार आणि मालवणच्या आठवडा बाजाराचा दिवस, एवढे पुरे.

शनिवारी आणि रविवारी यात एक भर घाला. पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणी गाडीच्या नंबरातले फक्त शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहून घ्या. रात्री दोन्ही याद्या जुळवल्या की दोन गोष्टी कळतात. एक, आत जायला खरोखर किती मिनिटे लागतात. दोन, किती गाड्या संगमापर्यंत जाऊन, समुद्र काचेतून बघून, वीस मिनिटांत परत फिरतात. या फेरफटक्याच्या गाड्या कुठे थांबत नाहीत, जेवत नाहीत, बोटीत बसत नाहीत. रस्ता मात्र दोनदा वापरतात. बंदीचा बोजा टाकायचा तर आधी यांच्यावर टाकावा, हे बहुतेक गावकरी मान्य करतील. पण त्या किती आहेत याचा आकडा हातात असल्याशिवाय ते बोलणे हवेतले राहते. जुळवणी झाल्यावर नंबरांचे कागद ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसमोर फाडून टाका.

आता बंदी कशावर? सगळ्या पर्यटक गाड्या तारकर्लीत थांबवून पुढे गावच्या गाडीने न्यायचे, ही कल्पना कागदावर छान दिसते. हिशोब करून बघू. अंतर ५ किलोमीटर धरा आणि वेग ताशी २०. जायला १५ मिनिटे, यायला १५, माणसे चढण्या-उतरण्याला १०. म्हणजे एक फेरी ४० मिनिटांची. दर दहा मिनिटांनी गाडी सोडायची तर चार गाड्या लागतात. बारा आसनी गाडी धरली तर तासाला सहा फेऱ्या, ७२ माणसे. समजा सकाळी दहा ते अकरा या वेळात ६० मोटारी आल्या, प्रत्येकीत चार माणसे, झाली २४०. पहिल्याच तासाला १६८ माणसे उन्हात उभी, त्यांत लहान मुले. साडेअकराला कोणीतरी दोरी सोडतो आणि प्रयोग तिथेच संपतो. माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात हे उदाहरण नेहमी दिले जाते, पण तिथे पुढे चालत, घोड्यावर किंवा झुकझुक गाडीने जाण्याची रीत जुनी आहे, आणि गावात गाडी जात नाही हे धरूनच तिथला धंदा बसलेला आहे. देवबागचा धंदा दारात गाडी येण्यावर बसलेला आहे. तो एका शनिवारात बदलणार नाही.

म्हणून पहिल्या प्रयोगात मोटारी अडवू नका. अडवा ती रुंद खासगी वाहने: ट्रॅव्हलरपासून वर, चालक सोडून बारापेक्षा जास्त आसने असलेली सगळी. दिवस शनिवार, रविवार आणि जोडून आलेल्या सुट्या. वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ७. एस.टी.ला, शाळेच्या गाडीला, १०८ रुग्णवाहिकेला, अग्निशमनाच्या गाडीला, गॅस, बर्फ आणि मासळीच्या टेम्पोला पूर्ण सूट. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, मासळी कधी लागेल ते घड्याळ ठरवत नाही, त्यामुळे मासळीच्या वाहनाला वेळेचे बंधन घालणारा आदेश पहिल्याच दिवशी मोडला जाईल, आणि मोडायलाही हवा.

मुक्कामी येणाऱ्या मोठ्या बसना दिवसात दोन वेळा द्याव्यात, उदाहरणार्थ बाहेर पडायला १० ते ११ आणि आत यायला १ ते २. त्या वेळेत त्यांनी एकामागोमाग, शक्यतो एस.टी.च्या पाठीमागे जावे. दोन्ही टोकांना एकेक माणूस. ताफ्यातल्या शेवटच्या बसच्या चालकाच्या हातात लाल रंगाचा दांडा. तो दांडा दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या हाती पडला की मगच उलट्या दिशेची बस सोडायची. रस्त्याच्या कामावर एकेरी वाहतूक चालवताना हीच पद्धत वापरतात. तिला मोबाईलची रेंज लागत नाही, आणि ‘शेवटची बस गेली का’ हा वाद उरत नाही. दिवसभरासाठी आलेल्या सहलींच्या बस मात्र नाक्यावरच थांबतील. त्यांतली माणसे रिक्षाने, गावच्या गाडीने किंवा खाडीकडच्या जेटीवरून बोटीने पुढे जातील. बोटीचा पर्याय द्यायचा तर मेरीटाईम बोर्डाचा परवाना, प्रवासी मर्यादा आणि लाइफ जॅकेट यांची तपासणी त्याच पत्रकात लिहा. रिक्षाचे भाडे परिवहन कार्यालयाकडून ठरवून मोठ्या अक्षरात फलकावर लावा. पहिली तक्रार भाड्याचीच येते.

नाका कुठे, यावर प्रयोग तरतो किंवा बुडतो. ग्रामपंचायतीच्या हद्दीचा दगड जिथे आहे तिथे नाका करण्याचा मोह होईल. तो टाळा. जिथे १२ मीटरची बस वळून परत जाऊ शकते आणि शेजारी मोकळी जागा आहे, तिथेच नाका होतो. वळायला जागा नसली की ड्रायव्हर म्हणतो, ‘साहेब, वळवू कुठे? आतून वळवून आणतो,’ आणि त्याचे म्हणणे खरे असते. वाहनतळाचा हिशोब सोपा आहे: मधली ये-जा धरून एका मोटारीला सुमारे २५ चौरस मीटर, म्हणजे शंभर मोटारींना २५ गुंठे. मोठ्या बसला त्याच्या चौपट. जागा भाड्याने घ्या, पण भराव घालू नका, खडी पसरू नका. किनारा नियमन क्षेत्रात तो वेगळाच खटला होऊन बसेल. कोरड्या दिवसांत कुळागराबाहेरची, म्हणजे माड-पोफळीच्या बागेबाहेरची, पडीक जमीन चालते, पावसात चालत नाही. शौचालय आणि पाणी नसेल तर तो वाहनतळ शेजारच्या घरांना शाप ठरतो; फिरती शौचालये पहिल्या दिवसापासून हवीत.

सूट कोणाला, हा पुढचा कळीचा मुद्दा. गाडीच्या पाटीवरून स्थानिक ओळखू नका. एमएच ०७ म्हणजे आपला, बाकीचा पाहुणा, असा नियम केला तर कुडाळहून सहल घेऊन आलेला ट्रॅव्हलरवाला आत जाईल, आणि गावातल्या घराचा मालक असलेला, मुंबईच्या नंबरची गाडी घेऊन आलेला चाकरमानी आपल्याच घराबाहेर अडेल. पहिल्या टप्प्यात मोटारी अडवत नसल्याने हा प्रश्न कमी येईल, पण पुढे कधी मोटारींवर बंधन आणायचे झाले तर पास घराच्या नावाने द्या, गाडीच्या नव्हे. घरपट्टीच्या उताऱ्यावरचा घर क्रमांक, त्यावर ठरावीक संख्येचे पास, ग्रामपंचायतीचा शिक्का आणि प्रयोगाच्या तारखा. न्याहारी-निवासवाल्यांना मात्र पासांची चळत देऊ नका. ती विकली जाते. पाहुण्याच्या मोबाईलवरच्या बुकिंगमध्ये घर क्रमांक असला की पुरे.

अधिकाराबद्दल स्पष्ट बोलू. रस्त्यावर वाहन अडवण्याचा किंवा दंड करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. पावती पुस्तक घेऊन उभ्या राहिलेल्या पोरांना तर नाहीच. वाहनांवर बंधन घालण्याची तरतूद मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ मध्ये आहे, फलकांची कलम ११६ मध्ये आणि वाहनतळांची ११७ मध्ये. कलम ११५ मध्ये या प्रयोगाला नेमकी उपयोगी पडणारी एक गोष्ट आहे: बंधन एक महिन्यापेक्षा जास्त काळ चालणार नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी पुरते. त्याहून लांब प्रयोगाला राजपत्र लागते, तेव्हा त्याचा प्रस्ताव पहिला महिना संपण्याची वाट न बघता आधीच पाठवा. महिना महिना करत तोच आदेश पुन्हा काढणे हा रस्ता धरू नका. तो न्यायालयात टिकेल की नाही हा पुढचा प्रश्न, गावात विश्वास टिकणार नाही. ब्रिटनमध्ये अशा प्रायोगिक वाहतूक आदेशाला जास्तीत जास्त १८ महिन्यांची मुदत असते आणि पहिले सहा महिने हरकतींसाठी खुले असतात. म्हणजे लोकांनी बदल प्रत्यक्ष अनुभवून मग हरकत घ्यावी. आपल्याकडे हरकती आदेशापूर्वी मागवण्याकडे कल असतो, जेव्हा कोणालाच काही अनुभव नसतो. इथे दोन्ही वेळा मागवा.

विचारणेचे वेळापत्रक समुद्राने आखून दिलेलेच आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, जलपर्यटन तर ऑगस्टअखेर बंद. एरवी दारात न सापडणारी माणसे या दोन महिन्यांत घरी असतात. तेव्हा वाड्यावाड्यांत बैठका घ्या, संध्याकाळी, कोणाच्या तरी पडवीत. ख्रिश्चनवाडीत रविवार सकाळची वेळ देऊ नका. ग्रामसभा हवीच, पण तिच्यावर भागवू नका. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असलेली गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. वीस माणसांचा ठराव मग ‘गावाचा ठराव’ म्हणून फाइलला लागतो. ग्रामसभेआधीची महिला सभा कायद्यातच आहे. ती सह्यांपुरती उरकू नका, कारण मुलांना शाळेत पोचवणे, म्हाताऱ्यांना मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात नेणे आणि दारातल्या गाड्यांमुळे अंगण अडणे, हे सगळे त्यांच्याच अंगावर येते.

‘तुम्हाला बंदी हवी का?’ हा प्रश्न फॉर्मवर छापू नका. हो-नाहीच्या उत्तरातून मतमोजणी होते, माहिती मिळत नाही. असे विचारा: तुमच्या दारात शनिवारी कोणकोणती वाहने येतात, कोणत्या वेळी? गॅस, बर्फ, भाजी कधी येते? घरात चालता न येणारे कोणी आहे का? गेल्या मोसमात रस्ता अडल्याने काय काय राहिले? तुमच्या धंद्यातले किती गिऱ्हाईक बसने येते, किती मोटारीने? घरामागे एक फॉर्म दिला तर कर्त्या पुरुषाचेच उत्तर येते, म्हणून प्रत्येक प्रौढ व्यक्तीला वेगळा द्या. ऑनलाइन फॉर्म ठेवा, पण रहिवासी, घर असून बाहेरगावी राहणारे, व्यावसायिक आणि पर्यटक यांचे गठ्ठे वेगळे ठेवा आणि त्यांची बेरीज करू नका. एकदा दुवा व्हॉट्सॲपवर फिरला की देवबाग कधी न पाहिलेले लोकही मत देतात. शेवटी चार रकान्यांचा कागद तिन्ही ग्रामपंचायतींच्या फलकावर लावा: सूचना काय आली, किती जणांकडून, काय बदलले, बदलले नसेल तर का नाही. चौथा रकाना टाळला जातो, आणि लोक नेमका तोच वाचतात.

फलकांबद्दल थोडे. नाक्यावरचा फलक उशिराचा असतो. बसवाल्याला कसाल, कुडाळ आणि कुंभारमाठकडून मालवणात शिरण्यापूर्वीच कळले पाहिजे, आणि पुन्हा मालवणातल्या भरड नाक्यावर. लाल कड्यातले बसचे चित्र, खाली दिवस आणि वेळ. मराठी, हिंदी, इंग्रजीबरोबर कन्नडही, कारण बेळगावकडच्या गाड्या कमी नसतात. फ्लेक्स लावू नका, खाऱ्या वाऱ्याने आठ दिवसांत फाटतो. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि जस्ताचा मुलामा असलेला पाइप घ्या. अडथळ्यासाठी प्लॅस्टिकचे बॅरिकेड वाऱ्याने उडतात, ते पाण्याने भरा. किनाऱ्यावरची वाळू उपसून भरली तर दंड आपल्यालाच होईल. कुलूपबंद साखळी कुठेही नको: रात्री दोन वाजता रुग्णवाहिका आली की किल्लीवाला सापडत नाही. आणि वेग कमी करायला कोणी हौसेने सिमेंटचे उंचवटे टाकू लागला तर थांबवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. आपल्याकडे टाकतात तो फूटभर रुंदीचा उंचवटा गाडीपेक्षा आतल्या बाळंतिणीलाच हिसका देतो.

प्रयोग नोव्हेंबरच्या मध्यावर, दिवाळीची गर्दी ओसरल्यावर सुरू करा. पहिले चार शनिवार-रविवार चुका सापडण्यासाठी. त्या दुरुस्त करून नाताळ ते ३१ डिसेंबरच्या गर्दीत दुसरा टप्पा; अर्थात त्यासाठी राजपत्राचे काम आधी झालेले हवे. थेट २५ डिसेंबरला सुरुवात केली तर पहिल्या दिवशीच सगळे मोडेल. उलट गर्दीचा आठवडा वगळला तर निकाल खोटा येईल. पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो, तसा एका दिवसाचा कार्यक्रम इथे उपयोगाचा नाही. एका दिवसात कोणी आपली सवय बदलत नाही.

बंदी उठवण्याच्या अटी ग्रामसभेने आधी लिहाव्यात. आमची सूचना अशी: तारकर्ली ते संगम प्रवासाचा शनिवारचा वेळ किमान चौथ्या हिश्श्याने कमी झाला नाही, तर बंदी उठवा. नाक्यामुळे एकदाही रुग्णवाहिका अडली, तर त्याच दिवशी नाका बदला. तारकर्लीत नाक्याच्या अलीकडे, वायरीपर्यंत, नवी रांग लागली किंवा पाणंदीत गाड्या लागू लागल्या, तर दुखणे फक्त सरकले असे माना. म्हणूनच वायरी भूतनाथचे सरपंच या पत्राच्या मायन्यात आहेत. धंद्याचा निकाल महिन्यात लागत नाही, तो लावूही नका. पण खोल्या, बोटीच्या फेऱ्या आणि शहाळ्यांची विक्री यांचे आकडे व्यावसायिकांनी स्वतः, नाव न लिहिता, आठवड्याला एकदा पेटीत टाकावेत. पेटी ग्रामपंचायतीत नको, रेशन दुकानात ठेवा. तिथे सगळे जातात.

मापांचा तक्ता, मोजणीचा रकानेवार कागद आणि प्रश्नावलीचा मसुदा आम्ही तयार करून तिन्ही ग्रामपंचायतींकडे देतो. येत्या मे महिन्यातल्या एका शनिवारी आणि रविवारी मोजणीला बसण्याची परवानगी, आणि प्रत्येक ठिकाणी वाहतूक शाखेचा एक कर्मचारी, एवढे आपल्याकडून लवकर मिळावे. मे गेला तर गर्दीचे आकडे थेट दिवाळीपर्यंत मिळणार नाहीत, आणि नोव्हेंबरच्या प्रयोगाला तुलनेसाठी फारसे काही उरणार नाही.

कळावे,
तारकर्ली-देवबाग रस्त्यावरचे काही रहिवासी